घाटात दम सोडणारी अबार्थ पुंटो: कोड पुसला तरी परत परत येणारा लो बूस्टचा त्रास

लक्षण सगळ्यांचं साधारण सारखंच असतं. शहरात गाडी व्यवस्थित, सिग्नलवरून नीट निघते, आयडलिंग स्थिर, अ‍ॅव्हरेज पण नेहमीचंच. मग एखाद्या रविवारी चार माणसं, एसी चालू, पसरणीचा घाट चढायला लागलो की तिसऱ्या गिअरमधे दोन हजार आरपीएमच्या पुढे जिथे गाडीने अंगात आल्यासारखं ओढायला पाहिजे तिथेच ती दम सोडते, पाय कितीही दाबा पुढे काहीच होत नाही, एखादी साधी बिनटर्बोची १.४ चालवतोय असं वाटायला लागतं. चेक इंजिनची लाइट कधी लागते, कधी लागतही नाही. बाजूला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली की गाडी परत पहिल्यासारखी. गॅरेजमधे स्कॅनर लावला की पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब) कमी पडतोय असा कोड निघतो, तो पुसला जातो, बिल होतं, आणि पुढच्या घाटात परत तेच.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. हा त्रास परत परत येत असेल तर टर्बोवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, आणि जो पाइप सुटलेला किंवा फाटलेला सापडला तो बसवून तिथे थांबायचं नाही, तो का सुटला ते शोधायचं. बहुतेक वेळा उत्तर इंजिनच्या माउंटिंगमधे किंवा पाइपच्या आत साचलेल्या ऑइलमधे असतं. टर्बोचं कोटेशन ऐकून लोक गाडी मिळेल त्या भावात विकून टाकतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण अशा गाड्या आता परत बनणार नाहीत आणि एका रबरी बुशपायी ती हातची घालवणं योग्य नाही.

गाडी कोणती ते स्पष्ट करतो. अबार्थ पुंटो, म्हणजे फियाट पुंटोची जास्त ताकदीची आवृत्ती, भारतात ऑक्टोबर २०१५ मधे आली, आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली. १३६८ सीसीचं टी-जेट इंजिन, १४५ बीएचपी, २१२ एनएम टॉर्क तोही २००० आरपीएमपासूनच, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि हातात भरल्यासारखं वाटणारं हायड्रॉलिक स्टिअरिंग. किंमत तेव्हा दिल्ली एक्स-शोरूम ९.९५ लाख होती, दहा लाखाच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसऱ्या कुठल्या हॅचबॅकमधे मिळत नव्हती. दारावरचा विंचू म्हणजे कार्लो अबार्थची रास, वृश्चिक, त्याने १९४९ साली इटलीत कंपनी काढली तेव्हापासूनचं चिन्ह. हे इंजिन फियाटच्या फायर नावाच्या जुन्या घराण्यातलं आहे, ते घराणं १९८५ पासून चालत आलंय, आणि याच टी-जेटची भावंडं युरोपात ग्रांदे पुंटो, ब्राव्हो, अल्फा मिटो, अबार्थ ५०० अशा बऱ्याच गाड्यांत बसलेली आहेत. म्हणजे इंजिन काही विचित्र किंवा दुर्मिळ नाही. फक्त आपल्या गाड्यांना आता दहा वर्षं होत आलीत, आणि बॉनेटखालच्या उष्णतेत दहा वर्षं राहिलेलं रबर कुठल्याही गाडीचं असो, ते कडक होतं आणि चिरतं. हा वयाचा प्रश्न आहे, गाडीतल्या खोटीचा नाही. फियाट लिनिया टी-जेटवाल्यांचं ट्यूनिंग वेगळं आहे पण पुढचं जवळपास सगळं त्यांनाही लागू पडेल.

सगळ्यात आधी हे नक्की करा की बूस्टच कमी पडतोय. चढावर गाडी ओढत नाही हे तीन वेगवेगळ्या कारणांनी होतं आणि तिन्ही सीटवर बसून ओळखता येतात. आरपीएमचा काटा झरझर वर जातो पण स्पीड त्या मानाने वाढत नाही, तर क्लच सरकतोय, चौथ्या गिअरमधे चढावर हे पटकन कळतं आणि जळका वासही येतो. गाडी हिसके देत चालते, मिसिंग मारते (एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही), लाइट लुकलुकते, तर तो स्पार्कचा विषय आहे, त्याबद्दल खाली लिहितो. आणि काटा पण वर जात नाही, हिसका पण नाही, नुसती मरगळ, बरोबर कधी बॉनेटकडून हवा सुटल्याचा फुसकारा, तर मग बूस्ट. क्लच सरकत असताना लोकांनी बूस्टचे पाइप बदललेले मी पाहिलेत म्हणून हे आधी सांगितलं.

आता हा त्रास नेमका घाटातच का होतो हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. टर्बो हवा दाबतो, ती हवा पाइपातून पुढच्या इंटरकूलरमधे जाऊन थंड होते, तिथून दुसऱ्या पाइपातून थ्रॉटल बॉडीत (पाय दाबला की उघडणारी हवेची झडप) आणि मग इंजिनात. शहरात तुम्ही पाय अर्धवट दाबता, त्यामुळे या पाइपांत दाब जेमतेम असतो आणि तोही दोन-तीन सेकंदच टिकतो, घाटात तोच दाब मिनिटभर सलग राहतो. त्यात वर जाल तशी बाहेरची हवा विरळ होते. कोकणात समुद्राजवळ बाहेरचा दाब साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला जेमतेम ८६. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना टर्बोला तेवढीच हवा इंजिनला द्यायची तर जास्त मेहनत घ्यावी लागते, म्हणजे पाइपाच्या आत आणि बाहेर दाबातला फरक वाढतो, आणि पुण्यात जी चीर बंद राहते ती तिथे उघडते. खाली गॅरेजमधे गाडी उभी करून रेस केली तर काहीच सापडत नाही ते यामुळेच, उभ्या गाडीत इंजिनवर लोडच नसतो तर बूस्ट येणार कुठून.

कोड वाचताना नुसता वाचून पुसू नका, लिहून ठेवा. पी०२९९ म्हणजे मागितला तेवढा बूस्ट आला नाही. पी०२३४ म्हणजे उलटं, बूस्ट हवा त्यापेक्षा जास्त झाला आणि ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, घाबरून थ्रॉटल मिटलं. सीटवर बसून दोन्ही सारखेच वाटतात, गाडी दम सोडते, पण शोधायची जागा एकदम वेगळी. जास्त बूस्टचा कोड असेल तर मोठे पाइप सोडून द्या आणि सरळ वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा दाब आवरणारी झडप, तिला उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला जाणारी बारीक नळी बघा, ती निघालेली किंवा फुटलेली असली की वेस्टगेटला उघडायचा हुकूमच पोचत नाही आणि टर्बो वाट्टेल तेवढा दाब करत सुटतो. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या नंबरच्या सिलिंडरमधे मिसिंग. आणि गाडी रीमॅप केलेली (ताकद वाढवायला ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदललेली) असेल तर आधी ज्याने मॅप टाकला त्याला विचारा की बूस्टच्या कोडच्या मर्यादा बदलल्यात का, कारण काही मॅपमधे हा कोड येणंच बंद केलेलं असतं आणि मग गाडी दम सोडते पण स्कॅनर म्हणतो सगळं ठीक.

एक ईएलएम३२७ वाला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून कोड वाचणारं छोटं यंत्र) घ्याच, आणि लॅपटॉपवर मल्टीईसीयूस्कॅन, हे सॉफ्टवेअर खास फियाट-अल्फा-लान्सियासाठी बनवलेलं आहे आणि साध्या मोबाइल अ‍ॅपपेक्षा आपल्या गाडीचं खूप जास्त दाखवतं. एकदम स्वस्तातले डोंगल मधेच तुटतात, थोडा बरा घ्या. पहिलं रीडिंग इंजिन चालू न करता, नुसती चावी ऑन करून मॅप सेन्सरचं (हा इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजतो, रीमॅपशी याचा संबंध नाही) घ्या. पुण्यात उभे असाल तर ९५ किलोपास्कलच्या जवळपास दिसलं पाहिजे. तिथेच ८० किंवा ११० दिसतंय तर सेन्सर किंवा त्याचं कनेक्टर बघा, बाकी काही खोलू नका. मग शेजारी दुसरा माणूस बसवून, मोकळ्या चढाच्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमधे २००० पासून ३५०० पर्यंत पूर्ण पाय देऊन रेकॉर्ड करा, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट दोन्ही एकाच ग्राफवर. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे अजिबात बघायचं नाही. मिळालेला आकडा सुरुवातीपासूनच खाली राहत असेल आणि सगळीकडे साधारण सारखाच कमी असेल तर सोलेनॉइड (वेस्टगेटला जाणारा दाब कमी-जास्त करणारी विजेवरची झडप) किंवा वेस्टगेटकडे बघा, वर चढून मग एकदम कोसळत असेल तर कुठेतरी पाइप दाबाखाली उघडतोय. आणि बूस्ट पूर्ण मिळतोय तरी ताकद नाही, तर तो हवेचा प्रश्नच नाही, मिसिंग किंवा ठिणगीचं टायमिंग मागे ओढलं जाण्याचा आहे.

एक गोष्ट पुष्कळ मेकॅनिकना चकवते. या इंजिनात हवा मोजणारा एमएएफ सेन्सर नाहीये, ईसीयू दाब आणि तापमानावरून हवेचा हिशोब करतो. त्यामुळे टर्बो आणि थ्रॉटलच्या मधे हवा गळत असली तरी फ्यूएल ट्रिम (ईसीयू इंधनात करतो ती कमी-जास्त दुरुस्ती) फारसे हलत नाहीत. दुसऱ्या गाड्यांच्या सवयीने ट्रिम बघून कोणी सांगितलं की लीकेज नाही, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आता बॉनेट उघडा, इंजिन थंड असताना. प्लॅस्टिकचं कव्हर आणि खालची शीट काढल्याशिवाय अर्धे जॉइंट दिसतच नाहीत आणि वरवर बघून ठीक आहे म्हणणारे बरेच भेटतील. प्रत्येक मोठ्या पाइपावरून बोट फिरवा, खालच्या बाजूने पण, चीर नेहमी खाली किंवा वळणाच्या आतल्या बाजूला असते. पाइप दोन्ही हातांनी पिळून बघा, बंद असताना न दिसणारी चीर पिळल्यावर तोंड उघडते. जॉइंटभोवती ऑइलचा काळपट ओलसर पट्टा आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर तिथून हवा बाहेर पडतेय असं समजा, आत थोडी ऑइलची वाफ असते तीच हवेबरोबर बाहेर येऊन बसते. आणि उंदीर. पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाडीत उंदीर शिरणं आपल्याकडे घरोघरी आहे, त्यांना बारीक व्हॅक्यूम पाइप आणि वायरिंग दोन्ही आवडतं, त्यामुळे नळीवर दातांच्या खुणा दिसल्या तर शेजारची वायरिंग पण तपासून घ्या.

पाइप सुटलेला सापडला समजा. इथेच सगळे फसतात. क्लिप आवळली, गाडी पळाली, आनंद, आणि दोन-तीन महिन्यांनी परत. ओळखीतल्या एका अबार्थवर थ्रॉटलकडचा पाइप सारखा निघायचा, दर वेळी क्लिप अजून घट्ट, मग जास्त जाड क्लिप, मग नवा पाइप, शेवटी एका वर्कशॉपने टर्बो जास्त दाब करतोय म्हणून टर्बोच बदला असं सांगितलं. टर्बोला काहीही झालेलं नव्हतं. गिअरबॉक्सच्या बाजूला खाली जो दांडीसारखा माउंटिंग असतो, ज्याला डॉगबोन म्हणतात, त्याचं रबर आतून पूर्ण फाटलेलं होतं. तो माउंटिंग इंजिनला पुढे-मागे डोलण्यापासून धरून ठेवतो. तो गेला की पूर्ण पाय दिल्यावर अख्खं इंजिन डोलतं, इंटरकूलर मात्र बॉडीला बोल्टने घट्ट, आणि मधला पाइप दर गिअर बदलताना थोडा थोडा खेचला जातो. २१२ एनएम टॉर्क, खड्डे, स्पीडब्रेकर, कितीही भारी क्लिप लावा, पाइप रोज केसाएवढा सरकत राहतो आणि एक दिवस घाटात सुटतो. माउंटिंग बदलला, तोच जुना पाइप स्वच्छ करून बसवला, आणि विषय संपला.

हे तपासायला लिफ्टची गरज नाही. सपाट जागा, बॉनेट उघडं, आतला माणूस ब्रेक घट्ट दाबून हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमधे क्लच अगदी थोडा चावेपर्यंत सोडतो आणि लगेच परत दाबतो, मग रिव्हर्समधे तसंच. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिनकडे बघायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही, अगदी एक क्षणही नाही. इंजिन थोडं हलणारच, पण एका बाजूला झुकून दणका देऊन परत येत असेल तर माउंटिंग गेला. चालवताना त्याची खूण म्हणजे ट्रॅफिकमधे पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे पाय सोडला-दिला की खालून धप्प असा आवाज, आणि रिव्हर्स टाकताना हादरा. हे लक्षण लोक क्लचच्या नावावर खपवतात. वरच्या दोन्ही माउंटिंगचं रबर पण बघा, एक गेला की बाकीच्यांवर ताण पडतो, त्यामुळे शक्य असेल तर सगळे एकदमच करून टाका. स्पोर्टी गाडी म्हणून एकदम कडक पॉलियुरेथेनचे बुश टाकायचा मोह होतो, इंजिन हलायचं थांबतं हे खरं, पण आयडलिंगला अख्खी केबिन थरथरते, रोजच्या गाडीत मी तरी नाही टाकणार.

दुसरं मूळ कारण ऑइल. पाइपाच्या आत ऑइलचा पातळ थर असणं नॉर्मल आहे, क्रँककेसची (इंजिनच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाची) वाफ इनटेकमधेच सोडलेली असते. पण त्या थरामुळे रबर धातूवरून घसरतं. थर जास्त असेल, पाइपातून ऑइल ओघळत असेल, तर ती वाफ नेणारा ब्रीदरचा पाइप आणि ऑइल सेपरेटर चोक झालाय का बघा, आणि त्याच्याही आधी डिपस्टिक बघा, सर्व्हिसला मॅक्सच्या वर ऑइल भरलेलं असतं आणि जादा ऑइल असंच वाफेबरोबर पुढे जातं. पाइप परत बसवताना दोन्ही बाजू, पाइपाची आतली आणि धातूच्या नळीची बाहेरची, ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरड्या करा. धातूच्या टोकाला जी उंचवट्याची कड असते त्याच्या मागे क्लिप बसली पाहिजे, कडेवर नाही. साधी स्क्रूची क्लिप बेफाम आवळली तर ती रबर कापते, त्यापेक्षा टी-बोल्टची किंवा स्प्रिंगची क्लिप चांगली. आणि एक छोटं काम नक्की करा, पाइप आणि धातू दोन्हीवरून जाईल अशी पांढऱ्या पेंट मार्करची एक सरळ रेघ मारून ठेवा. नंतर कधीही बॉनेट उघडलं की रेघ तुटलेली दिसली म्हणजे पाइप सरकतोय, घाटात कळण्याआधीच घरी कळतं. सिलिकॉनचे रंगीत पाइप टाकायचे असतील तर आतून फ्लोरो लायनिंग असलेलेच घ्या, साध्या सिलिकॉनमधून ऑइल झिरपतं.

मोठे पाइप, माउंटिंग सगळं ठीक निघालं तर बारीक नळ्यांकडे या. टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूपासून (कॉम्प्रेसर) सोलेनॉइडला, सोलेनॉइडपासून अ‍ॅक्च्युएटरला जाणाऱ्या नळ्या टर्बोच्या उष्णतेत भाजून बिस्किटासारख्या तुटतात. काढण्याआधी कुठली नळी कुठल्या तोंडाला आहे त्याचा फोटो काढा, सोलेनॉइडला तीन तोंडं असतात आणि अदलाबदल झाली की बूस्ट भलतंच वागतो. फिशटँकची नळी लावलेली सापडते, ती पहिल्याच उन्हाळ्यात मऊ होऊन चिमटते, त्याऐवजी जाड भिंतीची सिलिकॉन व्हॅक्यूम नळी लावा. सोलेनॉइड बंद पडला किंवा त्याचं कनेक्टर सैल असलं तर टर्बो नुसत्या अ‍ॅक्च्युएटरच्या स्प्रिंगएवढाच दाब देतो, गाडी चालते पण मवाळ, ग्राफमधे सगळीकडे सारखाच कमी दिसतो तो प्रकार हाच. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढल्यावर त्रास सुरू झाला असेल तर कनेक्टर उघडून हिरवट गंज बघा, आधी ते साफ करा.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह पण तपासा, पाय सोडल्यावर दाब परत इनटेकमधे सोडणं त्याचं काम. तो नीट मिटत नसेल तर दाबलेली हवा गोल गोल फिरत राहते, टर्बो धावतो आणि इंजिनला मिळत नाही. बाहेर फुस्स आवाज करणारा आफ्टरमार्केट व्हॉल्व्ह लावलेला असेल तर त्याची स्प्रिंग कमजोर निघण्याची शक्यता पहिली धरा, तपासणीपुरता जुना ओरिजिनल परत लावून बघा. आणि एक जागा जी कोणीच बघत नाही, ब्रेकच्या सर्वोला (पेडल हलकं करणारा भाग) जाणाऱ्या पाइपमधला वन-वे व्हॉल्व्ह. तो इंजिनकडून सर्वोकडे दाब जाऊ देत नाही. तो खराब झाला की जोरात चढल्यानंतर पहिल्यांदा ब्रेक दाबताना पेडल कडक लागतं. असं जाणवलं तर बूस्टची काळजी नंतर करा, आधी तो व्हॉल्व्ह बदलून घ्या, आंबेनळी उतरताना कडक पेडल कोणालाच परवडणार नाही.

एवढ्यानेही सापडत नसेल तर प्रेशर टेस्ट. प्लंबिंगच्या दुकानातून टर्बोच्या इनटेक पाइपाच्या मापाची पीव्हीसी कॅप आणायची, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवायचा. इंजिन बंद, थंड. एअर फिल्टरकडचा पाइप काढून तिथे कॅप आवळायची, क्रँककेस ब्रीदरची नळी इनटेकपासून काढून दोन्ही तोंडं बंद करायची, ही पायरी गाळलीत तर दाब इंजिनात जाऊन ऑइल सील उखडू शकतो. मग पायपंपाने हळूहळू अर्ध्या बारपर्यंत, म्हणजे ७ पीएसआयच्या आसपास, त्यापुढे जायचं नाही, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावायचा नाही. साबणाचं पाणी स्प्रे करा, जिथे बुडबुडे तिथे लीकेज. दाब हळूहळू उतरणारच, कारण थ्रॉटलमधून थोडी हवा सिलिंडरकडे जाते, त्यामुळे गेजपेक्षा कानावर आणि बुडबुड्यांवर भरवसा ठेवा. हे करताना कोणीतरी पाइप हाताने इंजिन डोलतं त्या दिशेला हलवत राहा, काही चिरा तेव्हाच बोलतात. स्मोक मशीन असलेलं गॅरेज जवळ असेल तर अजून सोपं.

आता मिसिंगबद्दल थोडक्यात. बूस्टमधे सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजून गॅप वाढलेला प्लग किंवा थकलेली कॉइल शहरात चालते आणि चढावर मार खाते. टी-जेटमधे प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल आहे, तेव्हा पी०३०३ आला तर तीन नंबरची कॉइल एक नंबरला टाका, पुढच्या वेळी पी०३०१ आला तर कॉइल दोषी, परत ०३ च आला तर प्लग किंवा इंजेक्टर. चौघंही प्लग एकदम बदला, गॅप मॅन्युअलप्रमाणे. लाइट लुकलुकत असताना गाडी रेटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जाऊन जळतं, तो आतून वितळून चोक होतो आणि मग त्याच्यामुळे बूस्ट पण पडतो, म्हणजे एका प्लगपायी मोठा खर्च.

पेट्रोलचं म्हणाल तर उन्हाळ्यात फुल लोडवर चढताना ९५ किंवा वरच्या ऑक्टेनने फरक पडतो हे माझं ठाम मत आहे, नॉकिंग (सिलिंडरमधे पेट्रोल आपोआप भलत्या वेळी पेटणं) सुरू झालं की ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि ताकद जाते, बूस्टचा आकडा मात्र पूर्ण दिसतो. आणि सध्याच्या ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे लाँग टर्म ट्रिम काही टक्के प्लसमधे दिसणार, कारण शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ लागतं आणि ई२० ला साधारण १३.५, म्हणजे इंधन जास्त सोडावंच लागतं. त्या आकड्याला घाबरून लीकेज शोधत बसू नका.

टर्बो खरंच गेलाय हे केव्हा म्हणायचं. इनटेक पाइप काढून टर्बोच्या चाकाचा शाफ्ट बोटाने हलवा, बाजूला अगदी किंचित हलणं चालतं, आत-बाहेर हलता कामा नये. पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा, पातीचे टवके, निळा धूर, इंटरकूलरमधून वाटीभर ऑइल, यातलं काही दिसलं तर मग टर्बोचं बोलू. वेस्टगेटची दांडी गंजून अडकली असेल किंवा तिचा फ्लॅप सैल होऊन खळखळत असेल तर तेवढंच दुरुस्त होतं का ते चांगल्या टर्बो रिपेअरवाल्याकडून बघून घ्या, अख्खं युनिट लगेच टाकू नका. बदलायची वेळ आलीच तर जुना का गेला ते आधी, ऑइलची फीड आणि रिटर्न लाइन नवी किंवा पूर्ण साफ केलेली, नाहीतर नवा पण त्याच वाटेने जाईल.

पार्टचं थोडं. कॉइल, प्लग, सेन्सर, सोलेनॉइड असे बरेच छोटे पार्ट युरोपातल्या टी-जेट गाड्यांशी जुळतात, पण नावावरून मागवू नका, आपल्या जुन्या पार्टवरचा नंबर वाचून जुळवा, कस्टम भरून आलेला चुकीचा पार्ट परत पाठवणं फार त्रासाचं असतं. पाइपांची मापं पण आपली आपण व्हर्नियरने घ्या.

काम झाल्यावर कोड पुसा, आणि मग परत तोच चढ, तोच गिअर, तेवढीच माणसं, शक्यतो तेवढ्याच उन्हात, पुन्हा रेकॉर्डिंग करा. मागितलेली आणि मिळालेली रेघ एकमेकांवर बसली पाहिजे, चढाच्या शेवटापर्यंत. ती फाइल जपून ठेवा, गाडी ठणठणीत असतानाचे आकडे हाताशी असले की पुढच्या वेळी तुलना करायला दुसऱ्या कोणाची गाडी शोधावी लागत नाही. थोडे दिवस चालवून, एक-दोन घाट झाले की बॉनेट उघडून ती पांढरी रेघ बघा. जुळलेली असेल तर खालची शीट परत बसवून टाका, आणि माउंटिंगचं रबर पुढच्या टायमिंग बेल्टच्या कामाच्या यादीत आत्ताच लिहून ठेवा, बेल्ट बदलताना त्या बाजूचा माउंटिंग तसाही सोडवावाच लागतो.